विठ्ठलापुढची बाटली

आमच्या घरात शिसवी लाकडाचा एक गज होता, कापड मोजायचा. आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या दिवशी अप्पा तो धुऊन पुसून मशीन आणि कात्रीच्या शेजारी मांडत, त्याला कुंकू लावत, आणि आम्ही सगळे त्याच्यापुढे डोकं टेकत असू. बाकी वर्षभर तो आमच्या पाठीवर वाजायचा. माझ्या, अक्काच्या आणि आईच्या. कुंकू लावताना मी दर वर्षी मनातल्या मनात त्याला शिव्या घालायची, आणि मग विठ्ठल ऐकतोय की काय म्हणून घाबरायची.

आम्ही शिंपी. म्हैसूरला आमचे लोक कधी आले ते घरात कुणालाच धड सांगता येत नव्हतं. घरात मराठी होती, पण कन्नडचा हात धरल्याशिवाय ती चार पावलं चालत नसे. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. दुकानात तीन मशीनी, दोन कारागीर आणि भिंतीवर विठ्ठलाचा फोटो. काजं-बटणं करायला अक्का. ती चौदाची होती, मी नऊची. मी दोरे तोडायची आणि कोळशाच्या इस्त्रीला वारा घालायची.

दसरा म्हणजे गावाला हत्ती आणि दिवे. आम्हाला मात्र गणवेश. बन्नीमंटपाच्या मैदानावर मशालींची कवायत होते, त्यातल्या एका बँडचे कपडे आमच्याकडे शिवायला येत. लाल कोट, पांढरी पँट, खांद्यावर सोनेरी झालर. मी अगदी लहान असताना एका दसऱ्याला घरात तापाची साथ आली. दोन्ही कारागीर आडवे, आई आडवी, अप्पा एकटे मशीनवर. निम्म्या पँटना खालची पट्टी घालायची राहिली आणि बँडवाले टाचण्या लावून मैदानात उतरले. दुसऱ्या दिवशी ऑर्डर देणारा कंत्राटदार दुकानात आला आणि भर रस्त्यावर, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर, त्याने अप्पांच्या थोबाडीत मारली. अप्पांनी ती निमूटपणे खाल्ली. आत आले, गज उचलला आणि आईला मारलं. हे मला आठवत नाही, अक्काने सांगितलेलं आहे. ती खोटं बोलत नसे.

पुढच्या वर्षीपासून ती बाटली सुरू झाली. अप्पांचा एक दोस्त औषधाच्या दुकानात कामाला होता. त्याच्याकडून अप्पा लाल-काळ्या कॅप्सूलची बाटली आणत. चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही. गणपती बुडवून आलो की दुसऱ्या दिवसापासून दसऱ्यापर्यंत घरातल्या प्रत्येकाने सकाळी एक आणि दुपारी एक घ्यायची. आजारी असो वा नसो. अप्पांचं म्हणणं असं, की नवं कापड आपण आधी भिजवून आटवून घेतो, मगच कात्री लावतो, तसंच माणसाचंही आधीच करून ठेवायचं.

एवढंच असतं तर कुणीतरी कुरकुर केली असती. पण अप्पांनी ती बाटली विठ्ठलापुढे ठेवली. सकाळची आरती झाली की सगळ्यांनी फोटोसमोर ओळीने उभं राहायचं, उजवा हात पुढे करायचा, अप्पा तळहातावर कॅप्सूल ठेवणार, मागोमाग पळीने तुळशीचं पाणी. आमच्यात प्रसादाला नाही म्हणत नाहीत. खाली सांडत नाहीत, थुंकत तर मुळीच नाहीत. कारागीरसुद्धा हात कपाळाला लावून गिळायचे. देवाच्या हातून मिळालेलं औषध कुणाला बाधेल असं आमच्या घरात कुणाच्या मनातही आलं नाही. आजही मला त्या गोष्टीची चीड येते.

त्या दिवसांत दह्याला बंदी. दह्याने कफ होतो आणि औषध मरतं, असा अप्पांचा कायदा. म्हैसूरकडच्या घरात दहीभात बंद म्हणजे जेवणच अर्धवट. आईकडे तिच्या आईने दिलेलं विरजण होतं. लग्न होऊन बेट्टदपुराहून आली तेव्हा ती ते छोट्या मातीच्या बुडकुल्यात, मांडीवर धरून बसमधून घेऊन आली होती. रोज दुधाला त्याचं बोट लावायचं, दुसऱ्या दिवसासाठी चमचाभर राखायचं, अशी ती साखळी कधी तुटली नव्हती. बंदीच्या दिवसांत ती वाटीभर दूध लपवून विरजायची आणि बुडकुलं तांदळाच्या डब्यामागे ठेवायची. शेजारच्या मावशींनाही तिने त्यातलं विरजण दिलं होतं.

ज्या वर्षाचं मी सांगतेय त्या वर्षी मला कॅप्सूल गिळवेनाशी झाली. घशात अडकायची, उमासा यायचा. मी ती गालात धरून ठेवायची आणि कामाला बसले की परकराच्या दुमडीत सरकवायची. दुमडीला एका जागी उसवलेलं होतं. चौथ्या दिवशी मी पाटावर बसले असताना त्यातल्या दोन घरंगळल्या आणि इस्त्री करून ठेवलेल्या पांढऱ्या पँटवर पडल्या. थुंकीने भिजलेल्या होत्या. पांढऱ्यावर लाल डाग पडला.

अप्पांनी आधी दुकानाचं दार लोटून घेतलं. मग गज. पहिला फटका पाठीत बसला, दुसरा मांडीवर, तिसऱ्याला मी हात आडवा घातला आणि बोटांवर बसला. त्यापुढे मला मोजता आलं नाही. कारागीर मान खाली घालून मशीन चालवत राहिले. त्या दोघांचा मी आयुष्यभर राग केला. अक्का मध्ये पडली तेव्हा तिलाही बसले.

"देवाचा प्रसाद थुंकतेस? एष्टु धैर्य, केवढी हिंमत तुला!" अप्पा एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी ओळीत अक्का मला खेटून उभी राहिली. अप्पा तुळशीचं पाणी द्यायला ओळीच्या त्या टोकाला गेले तशी तिने बोटांनी माझा तळहात उघडला, माझी कॅप्सूल उचलली आणि आपल्या कॅप्सूलसकट तोंडात टाकली. मी नुसतंच पाणी प्यायले. दुपारी तेच, दुसऱ्या दिवशी तेच.

"अक्का, तुला काही होणार नाही ना?" मी विचारलं.

"सुम्ने, गप उभी राहा तू," ती म्हणाली. "प्रसाद दोनदा खाल्ला तर काय होतंय?"

मी खूश होते. खरं सांगायचं तर मला सुटल्याचा आनंद झाला होता, आणि अक्काच्या पोटात काय जातंय याचा मी दहा-बारा दिवस विचारही केला नाही.

मग अक्काला जुलाब सुरू झाले. आधी दिवसातून चारपाच वेळा, मग मोजणं संपलं. पाण्यासारखे, हिरवट, आणि असा वास की मागचं अंगण धुऊनही जाईना. पोटात कळ आली की ती काजाची सुई दातांत धरून कमरेत वाकायची. आईने अप्पांना सांगितलं, या कॅप्सूल तिच्यापुरत्या तरी थांबवा. अप्पा म्हणाले, पोट बिघडलंय म्हणजे उलट जास्त पाहिजेत. त्या दिवसापासून अक्काला एका वेळी दोन मिळू लागल्या. माझी धरून तीन. हे ठाऊक असलेली घरात मी एकटीच होते. मी माझी कॅप्सूल परत मागून घ्यायला हवी होती. गज डोळ्यांसमोर यायचा आणि माझा हात उघडा तो उघडाच राहायचा.

एका दुपारी आईने लपवलेलं दही काढलं, मऊ भातात कालवलं आणि अक्काला मांडीवर घेऊन भरवायला बसली. अप्पा जेवायला आत आले ते नेमके तेव्हाच.

"ह्यानेच झालंय सगळं!" ते ओरडले. "मी औषध देतोय आणि ही बाई ते मारतेय!"

"अहो, पोरीच्या पोटात काही ठरत नाही. आमच्या गावात पोट गेलं की..."

तिचं वाक्य पुरं झालं नाही. गज बुडकुल्यावर आला. खापऱ्या चुलीपर्यंत उडाल्या, दही अक्काच्या केसांवर, आईच्या तोंडावर. दुसरा फटका आईच्या मनगटावर बसला आणि आतून काहीतरी काडकन मोडल्याचा आवाज आला. आई चांगल्या हाताने जमिनीवरचं दही गोळा करू लागली, मातीसकट. अप्पांनी ते पायाने विस्कटून टाकलं. अक्काने उठायचा प्रयत्न केला आणि ती तिथेच, आईच्या लुगड्यावर, घाण करून बसली. त्यात रक्त होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं पोट ढोलासारखं ताणलेलं होतं. बोट लावलं तरी ती गुरासारखी हंबरायची. अंग भाजत होतं, ओठ काळे पडले होते, ती आईला ओळखेना. कारागिरांनी तिला धोतराच्या झोळीत घालून रिक्षात ठेवलं. आम्ही मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो. आईचा हात फडक्यात बांधलेला. पडले म्हणून सांगायचं, असं अप्पांनी तिला रिक्षात बजावलं.

डॉक्टर बाई होत्या. जाड चष्मा, तापट आवाज. त्यांनी अक्काचं पोट दाबलं, पापण्या उलटून बघितल्या आणि कन्नडमध्ये विचारलं, "आधी काही औषध दिलंय? मात्रे, गोळ्या, कॅप्सूल, एनादरू, काहीही?"

अप्पांचा हात माझ्या मानेवर होता. तो घट्ट झाला.

"काही नाही, डॉक्टर," अप्पा म्हणाले. "बाहेरचं खाल्लं पोरीने. रस्त्यावरचं चुरमुरी-गिरमुरी."

आपल्या दोस्ताची नोकरी जाईल ही भीती होती की चूक कबूल करायची लाज, मला माहीत नाही. अक्काने महिनाभर रस्त्यावरचं काही खाल्लं नव्हतं. तिला दुकानातून उठायलाच मिळत नव्हतं. डॉक्टर बाईंनी बाहेरच्या खाण्याचा जंतू धरून जोरदार इंजेक्शनं सुरू केली. मी बघत होते. मला ठाऊक होतं. मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का आणखी खालावली. डॉक्टर बाई एका सर्जनला घेऊन आल्या. विष रक्तात उतरतंय, आतडं फुगत चाललंय, फाटलं तर हाती काही राहणार नाही, कदाचित कापून काढावं लागेल, असं त्या दोघांचं बोलणं चाललं होतं. आई खाटेच्या दांड्यावर डोकं आपटत होती. बाईंनी पुन्हा विचारलं, या खेपेला सरळ आईकडे बघून, "अम्मा, नीट आठव. काहीच दिलं नव्हतं?"

आईने अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. आईने मान खाली घातली.

मी परकराची दुमडी फाडली. त्या मारानंतरही एक कॅप्सूल आत राहिली होती, चपटी झालेली, दोऱ्यात गुरफटलेली. मी ती बाईंच्या हातावर ठेवली आणि जे तोंडाला येईल ते बोलत सुटले. रोज दोन, गणपतीपासून. मग दोनाच्या चार. आणि माझ्या पण अक्काने खाल्ल्या, माझ्या सगळ्या.

अप्पांनी मला तिथेच मारलं. गज नव्हता, म्हणून उघड्या हाताने, कानाखाली. मी लोखंडी खाटेच्या कडेवर आपटले, ओठ फाटला, कानात शिटी वाजू लागली. ती शिटी अजून आहे. त्या कानाने मला फोनवरचं ऐकू येत नाही. अप्पांनी पुन्हा हात उचलला तेव्हा डॉक्टर बाईंनी त्यांचं मनगट धरलं. बारीक बाई होत्या, पण त्यांनी सोडलं नाही.

"कै माडबेडा!" त्या ओरडल्या. "हात उचलायचा नाही इथे. ही पोरगी बोलली म्हणून कदाचित ती पोरगी जगेल."

त्यांनी सगळी इंजेक्शनं बंद केली. दुसरं औषध आणवलं, नळीने पोटात सोडायचं. सलाईन चालूच. सर्जनला सांगितलं, एक दिवस थांबा. मग अप्पांना समोर उभं करून त्यांनी जे सांगितलं ते मी फुटक्या ओठाने, एका कानाने ऐकलं आणि शब्दन् शब्द लक्षात ठेवलं. म्हणाल्या, माणसाच्या आतड्यात जंतूंचं रान असतं, बहुतेक आपल्या उपयोगाचं. ते दाटीने असतात म्हणून वाईट जंतूला पाय ठेवायला जागा मिळत नाही. तू तुझं शेत स्वतःच्या हाताने उपटलंस. नाचणीचं शेत रिकामं केलं की त्यात काय उगवतं? तण उगवतं. तुझ्या पोरीच्या आतड्यात ते तण वाढलं आणि त्याचं विष तिला खातंय. आणि तू त्यावर आणखी तेच ओतलंस.

अप्पा म्हणाले, "देवापुढे ठेवून देत होतो."

बाई वळून निघून गेल्या.

अक्का जगली. सर्जनची गरज पडली नाही. तिसऱ्या दिवशी पोट मऊ पडलं, पाचव्या दिवशी तिने पाणी मागितलं. मी जर पहिल्या दिवशी बोलले असते तर तिचे ते चोवीस तास वाचले असते. तिने मला कधी बोलून दाखवलं नाही. मला ते बोलून टाकल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून इथे लिहितेय.

हल्ली आमच्या चौकातल्या सुपर मार्केटात फ्रिजभर इवल्या इवल्या बाटल्या असतात, चांगल्या जंतूंच्या. माझी सून त्या आणते, मला प्यायला लावते आणि वर समजावून सांगते. मी मुकाट्याने पिते. लोक मला म्हणतात, बघा, तुमच्या आईचं दहीच खरं औषध होतं. मला त्याचाही राग येतो. दह्याने अक्का वाचली नाही. बाईंनी तर सांगितलं होतं की इतकी खालावलेली असताना दही वगैरे काही देऊ नका, उठून जेवायला लागली की मग द्या. ती वाचली ते कॅप्सूल थांबल्या आणि योग्य औषध मिळालं म्हणून. आईला एवढंच कळलं होतं की पोटात काहीतरी जिवंत असतं आणि ते जपायचं असतं. तेवढ्यासाठी तिने मनगट मोडून घेतलं. ते वाकडंच जुळलं.

अक्का घरी आल्यावर आई भर सकाळी शेजारच्या मावशींकडे वाटी घेऊन गेली आणि आपलंच विरजण परत मागून आणलं.

वर्षभर अप्पांनी बाटलीचं नाव काढलं नाही. मारायचे, पण कमी. आम्हाला वाटलं, संपलं. आणि पुढच्या वर्षी गणपती बुडवून आलो, दुसऱ्या दिवशी आरतीला उभे राहिलो, तर विठ्ठलापुढे बाटली होती. नवी, झाकणाचं सील न फोडलेली.

"यंदा एकच, सकाळची," अप्पा कुणाकडेही न बघता म्हणाले. "झालं ते तिने दुप्पट खाल्ल्याने झालं. मापात घेतलं तर बाधत नाही. बँडवाले थांबतात काय?"

कारागिरांनी हात पुढे केले. आईचा वाकडा हात पदराखालीच राहिला. मी अक्काकडे पाहिलं. तिचे केस गळून निम्मे झाले होते, पोलका खांद्यावरून घसरत होता. तिने उजवा हात अप्पांसमोर धरला. आणि डावा हात, खाली, दोघींच्या मध्ये, माझ्या बाजूला उघडला. माझ्याकडे न बघता. माझी कॅप्सूल घ्यायला.

तो उघडा हात बघून माझं डोकं फिरलं. मी इतक्या रागात त्याआधी कधी नव्हते आणि त्यानंतरही झाले नाही. मी ओळ मोडून फोटोपुढे गेले, बाटली उचलली, इस्त्रीकडे धावले. इस्त्री पेटलेली होती, मीच पेटवली होती. तिचं झाकण उघडून मी सगळी बाटली निखाऱ्यांवर उपडी केली. कॅप्सूल फुगल्या, फुटल्या, चरचरल्या. जळक्या शिंगासारखी घाण सुटली आणि लाल कोटांच्या घडीवरून धूर विठ्ठलापर्यंत गेला. इस्त्रीची तापलेली कड माझ्या उजव्या तळहाताला चिकटली ते मला नंतर कळलं.

अप्पांनी मला मारलं ते गज मोडेपर्यंत. आई त्यांच्या पाठीवर पडून त्यांना चावत होती, अक्का त्यांच्या पायांना मिठी मारून ओरडत होती, "साकु अप्पा, साकु, पुरे!" आणि त्या वर्षी, पहिल्यांदाच, एका कारागिराने मशीन थांबवली आणि येऊन त्यांचे दोन्ही हात मागे धरले. गजाचे दोन तुकडे जमिनीवर पडले होते. अप्पा त्यांच्याकडे बघत धापा टाकत उभे राहिले. मग खाली बसले आणि रडू लागले. मला त्यांची दया आली नाही. अजूनही येत नाही.

दुसरी बाटली आमच्या घरात आली नाही. त्या आयुधपूजेला मशीन होती, कात्री होती, गज नव्हता.

बाटली जाळली त्या दुपारी आईने माझ्यापुढे दहीभात ठेवला. माझा उजवा हात भाजला होता, डावा सुजून उघडत नव्हता. अक्का येऊन बसली, तिने ताट ओढून घेतलं आणि मला एकेक घास भरवला. आपण मात्र एकही खाल्ला नाही, माझं पोट भरेपर्यंत.